दूरच्या मृत्यूंचे दुःख : 'सुतक' म्हणावे की 'दुखवटा'?

सायली : युद्धाच्या आणि अपघातांच्या बातम्या पाहून ज्यांची झोप उडते, पण मृतांपैकी कोणीही ज्यांच्या ओळखीचे नसते, अशा लोकांसाठी असलेल्या एका समुपदेशन पत्रकाचा मी अनुवाद करते आहे. या दुःखाला मी 'सुतक' म्हटले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापुरात माझ्या आजीने दहा दिवस देवाला फूल वाहिले नव्हते की चुलीवर कढई चढवली नव्हती, हे मला स्पष्ट आठवते. संपादकांनी मात्र 'सुतक फक्त भावकीचे असते' असा शेरा मारून शब्द खोडला.

अरविंद : संपादकांचे बरोबर आहे. संस्कृत 'सूतक' 'सू' म्हणजे जन्म देणे या धातूवरून आला आणि मुळात तो जन्माच्या अशौचाचा शब्द होता. मराठीने सोयर जन्माला आणि सुतक मृत्यूला अशी वाटणी केली, तरी नाते आणि दिवस ठरलेलेच राहिले. आजींनी पाळले ते व्रत म्हणावे. आपण 'दुखवटा' वापरा.

कृष्णाकाठ : दुखवटा आता सरकारी झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर गेल्या तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आणि ध्वज अर्ध्यावर उतरले. ज्याला रात्री दोन वाजता मोबाइल खाली ठेववत नाही, त्याच्यासाठी कोण दुखवटा जाहीर करणार? शिवाय 'मला त्याचे सोयरसुतक नाही' हे आपण भावकीबाहेरच्या गोष्टींबद्दलच म्हणतो. नकारात जो शब्द एवढा दूर जातो, तो होकारात उंबऱ्याशीच का अडवायचा?

वैशाली : सुतकात विटाळ आहे, हे विसरू नये. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी पाण्याचा तांब्या दाराबाहेर ठेवला आणि त्या मागे सरकल्या, तो तांब्या मी अजून विसरले नाही. आधीच एकट्या पडलेल्या वाचकाला हा शब्द आणखी बाहेर बसवेल. 'हळहळ' का नको?

कृष्णाकाठ : हळहळ चहा होईपर्यंत टिकते. दहा दिवस घर बंद राहावे असे दुःख तिच्यात मावत नाही.

अरविंद : 'सोयर'चा संबंध 'सोयरा'शी आहे, असे माझे मत आहे. तसे असेल तर त्या वाक्प्रचारातही नातेच बोलते आहे.

सायली : मग आजीने किल्लारीशी सोयरीकच जोडली, असे म्हणावे लागेल.

माणिक : मी उमरग्याचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून लोक झोपले होते. त्या वर्षी आमच्या गल्लीत दिवाळीचे तळण झाले नाही. सुतक किंवा दुखवटा म्हटलेले मी ऐकले नाही. आईला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "घास उतरत नाही."

अरविंद : हे वाक्य झाले. पत्रकाच्या मथळ्याला नाम हवे आहे.