अलास्काच्या आर्क्टिक रेफ्यूजमध्ये तेल काढू द्यावं का?

बर्फवाट: आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या अलास्कातल्या अभयारण्याबद्दल दोन दिवस वाचतेय आणि मत काही पक्कं होत नाहीये. समुद्राकाठचा १५ लाख एकरांचा जो पट्टा आहे तो २०१७ च्या कायद्याने तेलासाठी खुला झाला, आणि समर्थक म्हणतात बांधकाम फार तर २००० एकरांवर होणार, मग एवढ्या अफाट रानात काय बिघडतंय? खरंच इतकं सोपं आहे का?

गवतफूल: नाही. ते २००० एकर सलग नसतात ना! विहिरी इथे चार, तिथे चार, मधे रस्ते आणि पाइपलाइन, म्हणजे जाळं सगळीकडे पसरणार. पोर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबूंच्या (ही उत्तरेकडची मोठी हरणं) माद्या बहुतेक वर्षी याच पट्ट्यात व्यायला येतात, २०१७ च्या मोजणीत हा कळप २ लाख १८ हजारांचा होता, आणि पिल्लू अंगाशी असलेली मादी रस्त्याच्या आसपास फिरकत नाही, काही किलोमीटर लांबच राहते. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तेल शोधायला गाड्या फिरल्या त्यांच्या चाकोऱ्या टुंड्रात काही ठिकाणी कित्येक वर्षं दिसत होत्या. तिथली जमीन जखम विसरत नाही हो.

दूरदिवा: पण शेजारच्या प्रुडो बे या तेलक्षेत्रात १९७७ पासून तेल निघतंय आणि तिथला कॅरिबूंचा सेंट्रल आर्क्टिक कळप ७० च्या दशकात ५ हजारांच्या आसपास होता तो २०१० पर्यंत ७० हजारांजवळ गेला, त्याचं काय?

गवतफूल: आणि २०१६ पर्यंत २३ हजारांच्या आसपास आला, तेही सांगा. वाढ किंवा घट, दोन्हीचं खापर नुसतं तेलावर फोडता येणार नाही हे मान्य. फरक जागेचा आहे. प्रुडोला मैदान रुंद आहे, माद्या बाजूला सरकू शकतात. रेफ्यूजमध्ये ब्रुक्स पर्वतरांग समुद्राच्या खूप जवळ येते, तिथून हटल्या तर डोंगराच्या पायथ्याशी, जिथे चारा कमी आणि अस्वलं-लांडगे जास्त.

नितळपाणी: सगळे कॅरिबूंवरच बोलताय म्हणून लिहितो. त्या पट्ट्यात काक्टोविक नावाचं इनुपियात लोकांचं गाव आहे आणि तिथल्या बऱ्याच जणांना तेल हवंय, कारण उत्तर अलास्कात शाळा, दवाखाना, नळाचं पाणी हे सगळं मुख्यतः तेलावरच्या करातून चालतं. लांब बसून त्यांना 'रान जपा' म्हणणं मला पटत नाही. पण दक्षिणेकडचे ग्विचिन लोक याच कॅरिबूंवर जगतात, त्यांच्यासाठी ही व्यायची जागा पवित्र आहे, तेल आलं तर कळपाचं नुकसान त्यांच्याच ताटात येणार. मला विचाराल तर काक्टोविकच्या शाळेचे पैसे सरकारने दुसरीकडून उभे करावेत, ते जमण्यासारखं आहे. व्यायची दुसरी जागा कुणी उभी करू शकत नाही.

बर्फवाट: हा शेवटचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आणि तेलाचं म्हणाल तर इथली जमीन तेलासाठी भाडेपट्ट्याने द्यायच्या जानेवारी २०२१ च्या लिलावात एकही मोठी कंपनी आली नाही, जानेवारी २०२५ च्या लिलावात तर एकही बोली नाही. तरी २०२५ च्या नव्या कायद्यात आणखी ४ लिलाव ठेवलेत. माझं मत झालं, नकोच.