कागदी लिंबाच्या खोडातून डिंक गळतोय, झाड वाचेल का?

अमळनेरकर:
राम राम मंडळी. घरामागे कागदी लिंबाचं झाड आहे, आख्ख्या गल्लीच्या लोणच्याला पुरतं. या पावसाळ्यानंतर जमिनीपासून वीतभर वर साल उभी तडकली अन् मधासारखा डिंक गळायला लागला, एका बाजूची पानं शिरांपासून पिवळी पडून गळतायत. दुकानदाराने कार्बेन्डाझिम नावाचं बुरशीनाशक दिलं, फवारलं, शून्य फरक. माती काळी, मोरीचं पाणी त्याच आळ्यात जातं.

केळीवाला_रावेर:
डिंक्या रोग आहे भो. फायटोप्थोरा नावाच्या रोगजंतूमुळे होतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत बुंध्याला लागतात. बुरशी म्हणतो आपण पण हा खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, म्हणून कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही, आणि रोग बुंध्यात असताना पानावर फवारून काय उपयोग? आधी मोरीचं पाणी तोडा, बाकी सगळं नंतर. बुंध्यापासून हातभर लांब मातीचा गोल बांध घाला आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात द्या, खोड कोरडं राहिलं पाहिजे.

अमळनेरकर:
आणि ती सडलेली साल?

चोपड्याची_ताई:
धारदार चाकूने तासायची, खाली चांगली साल लागेपर्यंत, तासलेलं जाळून टाका, झाडाखाली नका सोडू. मग बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या डब्यांत, लोखंडाची बादली अजिबात नको. चुना फसफसून थंड झाला की गाळून दोन्ही एकत्र ओतायचं, आकाशी रंगाचं होतं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून टाका. त्याच दिवशी ब्रशने जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लावून संपवा. दरसाल पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. नुसता गेरू मारून झाड दिसतं छान, बाकी काही नाही.

केळीवाला_रावेर:
मुळापर्यंत गेलं असेल तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची मिश्र पावडर लिटरला अडीच ग्रॅम घेऊन आळ्यात ओततात, पण लेबल वाचूनच, आणि तोडणीला किती दिवस थांबायचं तेही बघा, घरचं लिंबू आहे. ट्रायकोडर्मा (रोगाशी लढणारी उपयोगी बुरशी) शेणखतातून द्यायचा तर औषधासोबत नका देऊ. बाकी साल खोडाच्या चारी बाजूंनी सडली असेल तर मेहनत वाया जाईल, नवीन कलम लावा, तेही डोळ्याचा जोड (जिथे कलम बांधलेलं असतं ती जागा) जमिनीच्या बराच वर ठेवून.

अमळनेरकर:
नाही, एकाच बाजूने आहे. मोरीचं पाणी अळूकडे वळवतो उद्याच. चुना पानटपरीचा चालेल का?

चोपड्याची_ताई:
दादा, तो पानाला राहू द्या! कळीचा आणा, ताजा.