पेरोव्स्काइटचे स्वस्त सौर मॉड्यूल गोव्यात बनवावे का?

कौलारू:
वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पेरोव्स्काइट (प्रकाशापासून वीज करणारा, शिसे असलेला स्फटिकी पदार्थ) मॉड्यूलची छोटी उत्पादन लाइन उभी राहायलाच हवी. सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाड असते. इथे अर्धा मायक्रॉन पुरतो, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम २ ग्रॅम माल. सिलिकॉन वितळवायला १,४१४ अंश लागतात, हा थर १०० ते १५० अंशांवर काही मिनिटांत भाजून होतो. थर असे: एफटीओ काच (वीजवाहक लेपाची), टिन ऑक्साइड, पेरोव्स्काइट, वर सोन्याऐवजी कार्बनची पेस्ट. आपल्या मुलांना हे नक्की जमेल.

माडासावली:
थर स्वस्त आहे, मॉड्यूल नाही. काच, केबल, सांगाडा यांचा खर्च क्षेत्रफळावर चढतो. ३ किलोवॉटसाठी २२ टक्के कार्यक्षमतेच्या सिलिकॉनला साडेतेरा चौरस मीटर पुरतात. तुमचे १२ टक्क्यांचे निघाले तर २५ लागतील. मंगळुरी कौलांवर एवढे चढवायचे तर आधी वासे बघा.

आणि पावसाचे काय? कडेतून ओल शिरली की काळपट थर कोपऱ्यापासून पिवळा पडत आत सरकतो. तो पिवळा म्हणजे लेड आयोडाइड, शिशाचे संयुग. तेवढ्या भागातून वीज येत नाही.

कौलारू:
म्हणूनच कडेचा १० ते १२ मिमी पट्टा लेझरने साफ करायचा, त्यावर ब्युटाइल रबराची ओल अडवणारी पट्टी, मागेही काच. ईव्हीए (मॉड्यूलचे थर चिकटवणारी नेहमीची प्लास्टिक फिल्म) नकोच: त्याला १५० अंशांच्या आसपास तापवावे लागते आणि पुढे त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते.

खरी कसोटी पी२ रेघेची, म्हणजे शेजारचे सेल जोडण्यासाठी पेरोव्स्काइटच्या थरात कापलेल्या रेघेची. रेघेत थर उरला तर रोध वाढून फिल फॅक्टर (सेलमधून प्रत्यक्ष मिळणाऱ्या शक्तीचे प्रमाण) घसरतो. रेघ खोल गेली तर खालचा एफटीओच कापला जातो आणि सेलांची साखळी तुटते.

लेपकाम:
त्याआधी लेप सुकवण्याचे बघा. स्लॉट-डायचा (अरुंद फटीतून द्रव सोडून लेप देणाऱ्या साधनाचा) ओला थर सावकाश सुकला की सुया-सुयांचे स्फटिक वाढतात, मध्ये छिद्रे राहतात आणि तिथे सेल शॉर्ट होतो. लेपामागोमाग नायट्रोजनचा झोत हवा. जुलैत खोलीची आर्द्रता ३० टक्क्यांखाली ठेवायची तर डिह्युमिडिफायर दिवसरात्र चालणार. ते बिल हिशेबात धरलेत का?

माडासावली:
माझी मुख्य हरकत विहिरीची आहे. चौरस मीटरमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास शिसे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच चालते; म्हणजे एका चौरस मीटरमधले शिसे ७० हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेते. माडावरून नारळ पडला, काच फुटली, पागोळ्यांचे पाणी परसातल्या विहिरीकडे गेले, तर जबाबदारी कोणाची?

कौलारू:
शिसे सिलिकॉन मॉड्यूलच्या डागकामातही असते.

माडासावली:
असते, पण धातूच्या रूपात. लेड आयोडाइड पाण्यात त्याहून कितीतरी सहज विरघळते. तुलना बरोबर नाही, बाब.

कौलारू:
हे मान्य. मग घरांवर आत्ता एकही नको. आधी ३० × ३० सेंमीचे नमुने, प्रत्येक सीलचे किमान पाच, ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास. पाच टक्क्यांहून जास्त घट झाली किंवा कोपरा पिवळा दिसला, तर ते सील बाद. लेपकाम म्हणतात ते विजेचे बिल मी मांडतो. नायट्रोजन किती लागेल ते त्यांनी सांगावे.