साल्सा जगभर का पोचला? माझं मत मांडते, पटत नसेल तर सांगा

तलावपाळी:
ऑफिसातल्या एकीने विचारलं, "चाळिशीत हे साल्साचं खूळ कुठून?" खूळ नाही हो. साल्सा हा जोडीने करायचा नाच जगभर गेला, कारण त्यात एका गाण्यापुरतं परक्या माणसाशी न बोलता बोलता येतं. आठ मात्रांचं आवर्तन. एक-दोन-तीनला पावलं, चौथी रिकामी. पाच-सहा-सातला पावलं, आठवी रिकामी. पुढचं काहीच बसवलेलं नसतं. गेल्या वर्षी कामासाठी सिंगापूरला गेले, तिथे एका कोरियन आजोबांबरोबर नाचले. त्यांचा तळवा माझ्या डाव्या फऱ्यावर. बोटं किंचित आवळली की मी पुढे, त्यांचा दुसरा हात वर गेला की गिरकी. मी ठाण्यात शिकलेली, ते सोलमध्ये, पण अख्ख्या गाण्यात एकदाही अडलं नाही.

नेरुळकर:
सहमत नाही. परक्यांबरोबर नाचायला गरबा आहेच. आमच्या सेक्टरच्या मैदानात गोलात कुणीही शिरावं, ना फी ना जोडीदार. साल्सा पसरला तो धंद्यामुळे. मूळ क्युबातलं 'सोन' संगीत, न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन आणि क्युबन वादकांनी त्यात जॅझ मिसळला. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये काढलेल्या फानिया कंपनीने ते 'साल्सा' म्हणून जगभर विकलं. आता क्लासवाले तेच करतात. लेव्हल वाढली की फी वेगळी.

तलावपाळी:
नाव धंद्याने रुजवलं, मान्य. पण कोलंबियातल्या काली शहराचं काय? तिथल्या पोरांनी मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डी ४५ च्या वेगाने लावल्या आणि त्या वेगाला पुरेल असं पायांचं काम स्वतः घडवलं. ते कुठल्या कंपनीने शिकवलं? आणि गरब्यात मी गोलाबरोबर असते, इथे समोरच्या एकाच माणसाकडे लक्ष द्यावं लागतं.

घोडबंदर_तबला:
मध्येच बोलतो. आधी क्लावे ऐका, लाकडाच्या दोन दांड्यांवरचे पाच ठोके, तीन आणि दोन असे विभागलेले. तो ठेका एकदा कानात बसला की पाय गप्प राहत नाहीत. माझ्या मते कारण तेच.

खारघरची_आई:
मला ते एकाच माणसाकडे लक्ष देणंच खटकतं. माझी मुलगी २१ वर्षांची. तिच्या क्लासमध्ये दर गाण्याला जोडीदार बदलायचे. एक जण सारखा जवळ ओढायचा. सरांना सांगितलं तर म्हणाले, "साल्सा असाच असतो." तिने क्लास सोडला. तुम्हाला आजोबा चांगले भेटले, सगळेच तसे नसतात.

तलावपाळी:
सर चुकले, साफ चुकले. साल्सा असा नसतो. डावा हात त्याच्या खांद्यापाशी ठेवायचा, कोपर त्याच्या दंडावर टेकवून हात ताठ ठेवायचा, मग त्याला जवळ ओढणं अवघड जातं. आणि गाणं अर्ध्यात सोडून 'थँक यू' म्हणत निघायचा हक्क असतोच. हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं. मला दोन वर्षांनी कळलं, याचा अजून राग येतो.

खारघरची_आई:
तिला परत पाठवायचं अजून मनात नाही. पण ते कोपराचं जरा सविस्तर लिहा, आज रात्री तिला दाखवते.