मदत हवी आहे: ड्रॉपडाऊन मेनू मोबाईलवर कापला जातोय

मंडळी, एका वाचनालयाची साईट करतेय. सीएसएसमध्ये (साईटची मांडणी ठरवणारी भाषा) मेनूच्या एलआयला (यादीतला एक घटक) पोझिशन रिलेटिव्ह, आतल्या यूएलला (खाली उघडणारी उपयादी) ॲब्सोल्यूट, टॉप १००%, लेफ्ट ०, डेस्कटॉपवर एकदम मस्त चालतंय. शेवटचा मेनू उजवीकडे स्क्रीनबाहेर जात होता, तिथे लेफ्ट ऑटो, राईट ० दिलं, ते सुटलं. खरी अडचण ७६८ पिक्सेलपेक्षा कमी रुंदीच्या स्क्रीनवर आहे, तिथे मेनू आडवा सरकावा म्हणून नॅवला (मेनूची पूर्ण पट्टी) ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (आडवं न मावलेलं सरकवून दिसतं) दिलंय आणि त्यामुळे ओव्हरफ्लो-वाय (उभ्या दिशेचं तेच) पण आपोआप ऑटो होतं, मग ड्रॉपडाऊन आतच कापला जातो, झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल तो आकडा) कितीही वाढवा काही फरक नाही. ड्रॉपडाऊनला पोझिशन फिक्स्ड (जागा स्क्रीनच्या हिशोबाने) करून जावास्क्रिप्टने जागा मोजू, की अँकर पोझिशनिंग (सीएसएसनेच ड्रॉपडाऊन त्याच्या मेनूला जोडून ठेवणं) वापरू? वाचक बरेचसे ज्येष्ठ आहेत, जुने फोन वापरतात, त्यांना मेनू नीट दिसायलाच हवा. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.