हायडेलबर्गसाठी फ्रँकफर्ट शहरात कशाला जायचं?

जर्मनीतल्या हायडेलबर्गला जायचं तर विमानाने फ्रँकफर्टला उतरल्यावर आधी शहरातल्या मुख्य स्टेशनवर जा आणि तिथून हायडेलबर्गची गाडी धरा, असा सल्ला दिला जातो. उगाच उलटा हेलपाटा आहे तो. विमानतळालाच दोन स्टेशनं आहेत: जवळच्या गाड्यांचं टर्मिनल १ च्या खाली, आणि लांब पल्ल्याचं पुलावरून थोडं चालून. या दुसऱ्यावरून आयसीई या जलद गाडीने साधारण अर्ध्या तासात मॅनहाइम, तिथून हायडेलबर्गची एस-बान, म्हणजे लोकल. भुसावळला गाड्या बदलत वाढलेल्या माणसाला मॅनहाइम काही जड नाही.

तिकिटाचं मात्र कुणी सांगत नाही. स्वस्तातलं 'स्पारप्राइस' तिकीट त्या एकाच जलद गाडीला बांधलेलं असतं. आमच्या जळगावच्या भाच्याने हौसेने घरूनच काढून ठेवलं, विमान मुंबईहूनच उशिरा सुटलं आणि हा पासपोर्टच्या रांगेत उभा असताना गाडी गेली. 'फ्लेक्सप्राइस' महाग पडतं, पण त्या दिवशी त्या मार्गावरची पुढची कुठलीही गाडी चालते. आणि हो, हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं असलं तरी तिथलं आताचं मुख्य स्टेशन १९५५ चं, जुन्या गावापासून बरंच लांब. बॅगा जड असतील तर एस-१ किंवा एस-२ या एस-बान गाडीत तसंच बसून राहा, पुढे आल्टश्टाट (म्हणजे जुनं गाव) स्टेशनला उतरा.