सल्ला हवा: स्टँडवरच्या फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावरूनच बदलायची आहे, कोणता ट्रिगर घेऊ?

चोपडा_क्लिक
राम राम मंडळी. चोपडा-यावल भागात लग्नाची कामं करतो. बॉडी निकॉन डी७५०. फ्लॅश दोन: गोडॉक्स टीटी६०० आणि जुना योंगनुओ ५६० थ्री. दोन्ही स्टेजच्या कोपऱ्यांत स्टँडवर, पांढरी छत्री लावून. ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून दुरून फ्लॅश उडवायचा डबा) साधा, नुसता फ्लॅश उडवतो.

अंतरपाट धरलेला असेपर्यंत सगळं बरोबर असतं. तो दूर झाला की नवरी पुढे सरकते, हार घालताना मामा नवरदेवाला उचलतो, अक्षता टाकायला आलेल्या काकू थेट छत्रीला टेकतात. नवरीचा चेहरा पांढराफटक आणि मागे नवरदेव अंधारात. मग गर्दीतून वाट काढत स्टँडपाशी जाऊन बटणं दाबायची, तोवर हार गळ्यात पडलेला. हे धावणं बंद करायचं आहे. नवीन फ्लॅश घ्यावेच लागतील का?

तापीकाठ
भाऊ, गोडॉक्सचा फ्लॅश आहे तोच चालेल. टीटी६०० च्या आतच २.४ गीगाहर्ट्झचा रिसीव्हर आहे. त्याच्या बुडाला साध्या ट्रिगरचा डबा लावला असेल तर तो काढून टाका. फक्त कॅमेऱ्यावर बसणारा गोडॉक्सचा ट्रान्समीटर घ्या, निकॉनसाठीचा. नावाच्या शेवटी एन असतो, तो बघूनच घ्या. कॅननवाला गळ्यात मारतील.

फ्लॅशवरचं वायरलेसचं बटण दाबत जा, स्क्रीन नारिंगी झाली की तो स्लेव्हवर, म्हणजे ट्रिगरच्या हुकमावर, आला. चॅनल दोन्हीकडे एकच, फ्लॅशला ग्रुप ए, ट्रिगरवर ए ग्रुप एम (मॅन्युअल) वर. टीटी६०० मध्ये टीटीएल (कॅमेऱ्यानंच फ्लॅशची पॉवर ठरवणं) नाही, त्यामुळे ट्रिगरवर तो ग्रुप टीटीएलवर राहिला तर गोंधळ होणारच. आयडी नावाची सेटिंग ट्रिगरवर असेल आणि फ्लॅशवर सापडत नसेल तर ट्रिगरवरची बंद ठेवा. बस. आता फुल पॉवर १/१ पासून १/१२८ पर्यंत सगळं तुमच्या बोटाखाली.

केळीबागवाला
गोडॉक्सच्या ट्रिगरांतला एक्सप्रो घ्या. स्क्रीन मोठी, ग्रुपची पाच बटणं बाजूला रांगेत, अंधारातही चाचपून सापडतात. एक्स२टी लहान आणि स्वस्त आहे, डोक्यावर हॉटशू (फ्लॅश बसवायची खाच) असल्यामुळे वर अजून एक फ्लॅश बसवता येतो. एक्सप्रोला ती सोय नाही. पारावरून निघालेल्या मिरवणुकीत कॅमेऱ्यावर फ्लॅश लागतोच, असं काम जास्त असेल तर एक्स२टी. टचस्क्रीनवाला एक्स३ दिसायला गोंडस, पण हळदीच्या दिवशी बोटं काय अवस्थेत असतात ते तुम्हाला सांगायला नको.

भुसावळ_जंक्शन
एक गोष्ट कोणी बोललं नाही. चॅनल १ वर राहू नका. आजकाल एका लग्नात नवरदेवाकडचा फोटोग्राफर वेगळा, नवरीकडचा वेगळा, आणि दोघांकडे गोडॉक्सच. समोरच्यानं शटर दाबलं की तुमचा फ्लॅश उडतो, आणि नेमका तुमच्या वेळी तो चार्ज होत बसलेला असतो. ३२ चॅनल दिलेत, कुठला तरी मधलाच घ्या आणि समोरच्याला आधी विचारून घ्या भो, त्यात कमीपणा नाही.

फ्लॅश अगदी हातभर अंतरावर असताना उडेनासा झाला तर ट्रिगरमध्ये अंतराची सेटिंग असते, १ ते १०० मीटरची ० ते ३० करा. घरातल्या हळदीला हे हमखास लागतं.

चोपडा_क्लिक
आभार सगळ्यांचे. योंगनुओचं काय करू? आणि पॉवर किती कमी-जास्त करायची याचा काही अंदाज असतो का, की दर वेळी स्क्रीन बघून?

तापीकाठ
योंगनुओ गोडॉक्सचा रेडिओ ऐकणार नाही. त्याची पॉवर दुरून बदलायची तर त्यांचाच ५६०-टीएक्स ट्रिगर लागेल, आणि कॅमेऱ्याला हॉटशू एकच. एस१ मोडवर ठेवलात तर गोडॉक्सचा उजेड बघून तो आपोआप उडेल, पण पॉवर जी ठरवली तीच राहणार, शिवाय दुसऱ्या कोणाच्या फ्लॅशलाही तो तितक्याच इमानानं दाद देईल. मी असतो तर त्याला मागच्या पडद्यावर उजेड टाकायला लावलं असतं. पडदा जागचा हलत नाही, पॉवर बदलायची वेळच येत नाही. पुढे पैसे आले की दुसरा टीटी६०० घेऊन बी ग्रुपवर.

अंदाजाचं म्हणाल तर अंतर बघा. छत्रीपासून नवरी ३ मीटरवर होती ती दीड मीटरवर आली, म्हणजे उजेड चौपट झाला, दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). १/८ वर असाल तर सरळ १/३२. एवढं डोक्यात बसलं की ए चं बटण आणि डायल, स्क्रीनकडे ओझरतं बघितलं तरी पुरे. शटर मात्र फिरवत बसू नका. त्यानं मंडपातल्या लाइटिंगचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशचा नाही. ॲपर्चर आणि आयएसओनं दोन्ही बदलतात. आणि डी७५० ला १/२०० च्या वर गेलात की फ्रेममध्ये काळा पट्टा.

धुळे_पांझरा
टीटीएल घ्या म्हणणारे भेटतील. लग्नात मला ते पटत नाही. नवरीचा शालू आणि नवरदेवाचा काळा कोट, फ्रेममध्ये कोण जास्त आलं त्यावर मीटर डोलत राहतं. अल्बमला लागोपाठचे फोटो शेजारी लावले की फरक उघडा पडतो. मॅन्युअलच बरं.

चोपडा_क्लिक
शेवटचं. केळीच्या बागेत दुपारी प्री-वेडिंग असतं, एफ/२ वर. तिथे हाच संच चालेल?

केळीबागवाला
कॅमेऱ्याच्या मेनूत ई१ मध्ये ऑटो एफपी करा, म्हणजे एचएसएस (वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं), १/२०० च्या वरही टीटी६०० उडेल. पण एचएसएस पॉवर खातं, त्यात वर छत्री लावली तर दुपारच्या उन्हापुढे त्याचं काही दिसणार नाही. छत्री काढा, फ्लॅश जवळ आणा, नाहीतर जोडप्याला केळीच्या पानांच्या सावलीत उभं करा. बाहेरची कामं वाढली तर गोडॉक्सचा एडी२०० फ्लॅश बघा, त्याच ट्रिगरवर चालतो.

मे महिन्यात मात्र फुल पॉवरचा मारा करू नका. आपल्याकडे ४४-४५ अंशांत फ्लॅश आधीच भाजलेला असतो, गरम झाल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो आणि आपण ट्रिगरला शिव्या घालतो. १/४ च्या आसपास ठेवा, आयएसओ थोडा वाढवा, सेलचा दुसरा संच सावलीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर नाही.